खोकल्यांसकट, हुंकारांसकट

गेल्या महिन्यात आमच्या श्रवणमंडळाच्या बैठकीत ब्रिटिश कंडक्टर, म्हणजे वाद्यवृंदाचे संचालक, सर जॉन बार्बिरोली यांचं एक ध्वनिमुद्रण लावलं होतं. २४ जुलै १९७०, इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळचं किंग्ज लिन हे गाव, तिथलं मध्ययुगीन सेंट निकोलस चॅपेल, मँचेस्टरचा हाले ऑर्केस्ट्रा आणि इंग्रज रचनाकार एडवर्ड एल्गारची पहिली सिंफनी. बार्बिरोली त्यानंतर पाचच दिवसांनी, २९ जुलैला गेले. ऐकून झाल्यावर जो वाद पेटला तो रात्री जिन्यात चपला घालतानाही चालूच होता. एका बाजूचं म्हणणं, हे ऐकायचंच कशाला? मध्येच कोणी खोकतो, कंडक्टर स्वतः कण्हतो, पितळी वाद्यं एकदोनदा डगमगतात. याच माणसाने याच सिंफनीचं १९६२ मध्ये फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्राबरोबर केलेलं स्टुडिओतलं स्वच्छ ध्वनिमुद्रण असताना ही अडगळ कशाला? दुसऱ्या बाजूचं उत्तर तेवढंच: 'अहो, हा त्यांचा शेवटचा एल्गार होता!' आणि कोपऱ्यातून तिसरा सूर निघाला, की जन्मभर आपल्याच देशाचं संगीत कवटाळून बसणं हा शेवटी प्रांतिकपणाच.

तिन्ही बाजूंचे लोक मला जवळचे आहेत, पण तिघांनीही वाद चुकीच्या ठिकाणी मांडला असं माझं मत आहे. प्रश्न स्वच्छतेचा नाही, हळहळीचा नाही आणि देशभक्तीचा तर नाहीच. प्रश्न पुराव्याचा आहे. एखाद्या कंडक्टरची एखाद्या संगीतावर निष्ठा होती असं आपण म्हणतो तेव्हा ते कशाच्या आधारावर म्हणतो? माझ्या मते प्रत्यक्ष कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं हाच त्याचा मुख्य आधार असायला हवा, आणि स्टुडिओत केलेल्या तबकड्या या त्याला जोड म्हणून. आज आपण नेमकं उलटं धरतो. तबकडी म्हणजे अस्सल आणि मैफलीची फीत म्हणजे चाहत्यांचा छंद, असं मानून चालतो. हे मानणं बदललं, तर ज्या रेडिओसंस्थांच्या कपाटांत अशा फिती पडून आहेत त्यांची जबाबदारीही बदलते.

बार्बिरोलींचंच उदाहरण घेतो, कारण त्यांच्याबाबतीत हा फरक डोळ्यांत भरतो. जन्म २ डिसेंबर १८९९, लंडनमध्ये. वडील इटालियन, आई फ्रेंच; पाळण्यातलं नाव जोव्हान्नी बात्तिस्ता. व्हेर्दीच्या 'ओतेल्लो' या ऑपेराचा मिलानच्या ला स्काला थिएटरात १८८७ मध्ये पहिला प्रयोग झाला तेव्हा त्यांचे वडील आणि आजोबा, दोघंही ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत होते. असा हा मुलगा चेलोवादक झाला. २७ ऑक्टोबर १९१९ रोजी एल्गारच्या चेलो कॉन्चेर्टोचा, म्हणजे एकल चेलो आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीच्या रचनेचा, पहिला कार्यक्रम झाला. तालीम अपुरी पडल्यामुळे तो फसला. त्या फसलेल्या संध्याकाळी लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राच्या चेलोंच्या रांगेत एकोणीस वर्षांचे बार्बिरोली बसलेले होते. पुढे दोनेक वर्षांतच बोर्नमथला त्यांनी ती रचना स्वतः एकलवादक म्हणून वाजवली. १९२७ च्या डिसेंबरात कंडक्टर सर टॉमस बीचम कार्यक्रमाला उभे राहू शकत नव्हते, म्हणून ऐनवेळी बार्बिरोलींना बोलावणं आलं, आणि अठ्ठेचाळीस तासांत त्यांनी एल्गारची दुसरी सिंफनी शिकून ती लंडनच्या मंचावर उभी केली. ही सगळी आयुष्याच्या सुरुवातीची, नाव होण्याआधीची गोष्ट. कोणत्या कंपनीने सांगितलं म्हणून यातलं काहीच घडलेलं नाही.

स्टुडिओतल्या तबकडीकडे पुरावा म्हणून पाहताना मी सावध होतो, तो इथेच. तबकडीवर काय यायचं हे कंडक्टर एकटा ठरवत नाही. कंपनीच्या यादीत ती रचना आधीच कोणाच्या नावावर आहे का, किती खपेल, ऑर्केस्ट्राचे किती तास परवडतील, या सगळ्यांतून जे गाळून उरतं ते तबकडी होतं. इंग्रज रचनाकार राल्फ व्हॉन विल्यम्सच्या नऊ सिंफनींपैकी बार्बिरोलींनी विक्रीसाठी ध्वनिमुद्रित केल्या त्या दुसरी, पाचवी, सातवी आणि आठवी. सातवी आणि आठवी तर त्यांनीच पहिल्यांदा लोकांपुढे आणल्या होत्या, १९५३ आणि १९५६ मध्ये, मँचेस्टरला. आठवी त्यांनाच अर्पण केलेली आहे. आता ही यादी बघून कोणी म्हणेल की सहावीशी या माणसाचं फारसं काही नातं नसावं. पण मैफलींच्या फिती वेगळंच सांगतात. १९६४ मध्ये ते बोस्टनच्या ऑर्केस्ट्राकडून सहावी वाजवून घेत होते. मृत्यूच्या तीन महिने आधी, एप्रिल १९७० मध्ये, बव्हेरियन रेडिओच्या ऑर्केस्ट्राबरोबर त्यांनी म्यूनिकमध्ये ती केली.

या म्यूनिकच्या सहावीपाशी जरा थांबायला हवं. १९४८ साली ही सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा लोकांना तिच्यात महायुद्ध ऐकू आलं. स्वतः रचनाकाराला हा अर्थ मान्य नव्हता, तरी ऐकणाऱ्यांच्या कानातून तो कधी गेला नाही. शेवटचा भाग सुरुवातीपासून अखेरपर्यंत अतिमंद आवाजात वाजतो. कुठेही चढत नाही, कुठेही मोकळा होत नाही, आणि शेवटी तंतुवाद्यांचे दोन स्वरसंघ एकमेकांकडे वळत वळत विरून जातात. ज्या शहरावर ब्रिटिश विमानांनी बाँब टाकले त्या शहरात, जर्मन वादकांकडून, ज्याच्या मँचेस्टरचं फ्री ट्रेड हॉल हे मैफलींचं सभागृह १९४० च्या डिसेंबरात जर्मन बाँबांनी बेचिराख केलं तो कंडक्टर ही रचना वाजवून घेतो. ही निष्ठा नाही तर काय आहे? आणि विक्रीच्या यादीत तिची नोंदही नव्हती. रेडिओने ती संध्याकाळ टिपली नसती तर आपल्याला ती कळलीही नसती.

गायक, कोरस आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठी लिहिलेल्या एल्गारच्या 'ड्रीम ऑफ गेराँटियस'चंही तसंच. बार्बिरोलींचं गायिका जेनेट बेकर यांच्यासह केलेलं सुप्रसिद्ध ध्वनिमुद्रण सुरू झालं ते १९६४ च्या अखेरीस. त्याच्या सात वर्षं आधी, नोव्हेंबर १९५७ मध्ये, त्यांनी हीच रचना रोममध्ये, इटालियन रेडिओच्या ऑर्केस्ट्रा आणि कोरसबरोबर केली होती. मुख्य भूमिकेत कॅनडाचे जॉन व्हिकर्स. कार्डिनल न्यूमन यांची मरणाऱ्या माणसाच्या आत्म्याविषयीची कविता, एका कॅथलिक इंग्रजाने संगीतात बांधलेली, आणि ती कॅथलिक धर्माच्या राजधानीत नेणारा एका इटालियन व्हायोलिनवाल्याचा लंडनमध्ये जन्मलेला मुलगा. ध्वनी किरकिरा आहे, हे मला मान्य आहे. पण ज्यांच्या कानांवर हे संगीत कधी पडलेलं नाही अशा गायकवादकांना हाताशी धरून कोणी ते उभं करतं, तेव्हा त्यात काही दोष राहणारच. ओळखीच्या अंगणात खेळणं सोपं असतं.

आता विरुद्ध बाजूचं जे खरोखर वजनदार आहे ते मान्य करायला हवं. पहिली गोष्ट संमतीची. स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण कलाकाराने ऐकलेलं असतं, नको ते पुन्हा वाजवलेलं असतं, शेवटी 'हो, हे जाऊ दे' असं म्हटलेलं असतं. मैफलीच्या फितीला असा होकार क्वचितच मिळालेला असतो. मग कलाकार गेल्यावर ती बाहेर काढणं म्हणजे त्याच्या टेबलाचे खण उचकटण्यासारखं नाही का? आपल्याकडच्या श्रोत्यांना हा प्रश्न नवा नाही. केसरबाई केरकर आपल्या मैफलींचं ध्वनिमुद्रण होऊ देत नसत हे सर्वांना ठाऊक आहे, आणि तरीही कोणी चोरून केलेली फीत हाती आली तर ती ऐकावी की नाही यावर घराघरांत वाद झालेले आहेत. माझं उत्तर असं, की जिथे कलाकाराने स्पष्ट नाही म्हटलं तिथे माझी मागणी थांबते. पण बार्बिरोली बीबीसीच्या मायक्रोफोनसमोर उभे होते ते पूर्ण कल्पना असताना. हा आवाज याच क्षणी लाखो घरांत जाणार आहे, थांबवून पुन्हा घेता येणार नाही, हे माहीत असूनच त्यांनी बॅटन उचललं. मंगळवारी लाखोंनी ऐकलेली गोष्ट बुधवारी खासगी कशी होते?

दुसरा आक्षेप दोषांचा. दोष आहेतच. बार्बिरोलींचा घशातला हुंकार तर पुष्कळ ठिकाणी चेलोंच्या वर ऐकू येतो. पण स्टुडिओत जे मिळतं आणि मैफलीत जे मिळतं त्यांतला फरक केवळ स्वच्छ-अस्वच्छ असा नसतो. चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे यांनी बार्बिरोलींबरोबर एल्गारचा चेलो कॉन्चेर्टो १९६५ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या किंग्जवे हॉलमध्ये ध्वनिमुद्रित केला. गेली साठ वर्षं जगभर बहुतेकांच्या घरी तोच वाजतो, आणि तो आहेही तितका मोठा. जानेवारी १९६७ मध्ये याच दोघांनी बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर प्राग शहरात तो वाजवला, आणि तेही ध्वनिमुद्रण आज मिळतं. दोन्ही लागोपाठ ऐकावीत. लंडनच्या तबकडीत प्रत्येक वाक्य घडवून, तोलून ठेवलेलं आहे. प्रागमध्ये चेलो काही ठिकाणी सूर ओरबाडतो, आणि कंडक्टर वाट बघत थांबत नाही, तिच्या श्वासाबरोबर पळतो. पहिल्यात मला रचना कळते. दुसऱ्यात त्या दोघांना ती किती हवी होती ते कळतं. निष्ठेबद्दल बोलायचं असेल तर मी दुसऱ्याकडे जाईन.

तिसरा आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो, आणि आमच्या बैठकीत तो कोणीच नीट मांडला नाही. किंग्ज लिनचं ध्वनिमुद्रण ऐकताना आपण पाच दिवसांनंतरचा मृत्यू त्यात ओततो. त्या दिवशी तालमीनंतर बार्बिरोलींना भोवळ आली होती, हे वाचलेलं असतं. मग संथ भागातलं प्रत्येक रेंगाळणं आपल्याला निरोपासारखं भासतं. हे ऐकणं नव्हे, ही आपणच रचलेली कहाणी. मान्य. स्वतः बार्बिरोलींना तो शेवटचा एल्गार आहे हे माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मंचावर होते आणि पुढच्या आठवड्यात जपान दौऱ्याच्या तालमी घेत होते. म्हणूनच 'शेवटचा एल्गार' हा युक्तिवाद मी वापरणार नाही. तारीख झाकून ऐकू या. काय उरतं?

उरतं ते हे. एल्गारची पहिली सिंफनी एका साध्या, चालत्या धूनेने सुरू होते, आणि पन्नास मिनिटं ती धून हरवते, बुडते, पुन्हा वर येते. दुसऱ्या द्रुत भागातली सुरावट पुढे तशीच्या तशी, स्वराला स्वर, विलंबितात उतरते आणि संथ भागाची मुख्य धून होते. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे ऐकताना अंगावर काटा येतो, कारण एकच स्वरवाक्य लय बदलली की किती वेगळं बोलू लागतं हे त्याला माहीत असतं. द्रुतातून विलंबितात जाणारा हा जोड थांबा न घेता होतो आणि तो फार अवघड आहे. स्टुडिओत तो अलगद बसवता येतो. किंग्ज लिनला तो बसवलेला वाटत नाही. लय हळूहळू जड होत जाते, जणू चालणाऱ्याला वाटेतच काहीतरी आठवलं आहे. आणखी एक गोष्ट. ही मुख्य धून काही ठिकाणी फक्त शेवटच्या बाकांवरच्या तंतुवादकांनी वाजवावी असं एल्गारने स्वरलिपीत लिहून ठेवलं आहे. एल्गार स्वतः तरुणपणी ऑर्केस्ट्रांत व्हायोलिन वाजवून पोट भरत होता. मागच्या बाकांवरून संगीत कसं ऐकू येतं हे त्याला ठाऊक होतं. आणि बार्बिरोलीही तिथूनच आलेले. दगडी चॅपेलमध्ये तो मागून येणारा, जरासा धूसर आवाज जसा ऐकू येतो तसा मी इतर कुठे ऐकलेला नाही. त्याला कोणाच्या मृत्यूची गरज नाही.

राहिला प्रांतिकपणा. हा आरोपही जुनाच आहे. न्यूयॉर्क फिलहार्मोनिकमध्ये विख्यात इटालियन कंडक्टर तोस्कानिनींनंतरची जागा बार्बिरोलींना मिळाली. ऑक्टोबर १९४० मधल्या त्यांच्या एका कार्यक्रमात एल्गारची 'एनिग्मा व्हेरिएशन्स' ही रचना आणि फिनलंडच्या सिबेलियसची दुसरी सिंफनी होती. अमेरिकन समीक्षक व्हर्जिल टॉमसन यांनी 'न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यून'मधलं आपलं पहिलंच परीक्षण त्यावर लिहिलं आणि सिबेलियसला ग्राम्य, प्रांतिक ठरवून मोकळे झाले. त्याच शहरात बार्बिरोलींनी १९४० मध्ये इंग्रज रचनाकार बेंजामिन ब्रिटनचा व्हायोलिन कॉन्चेर्टो आणि १९४१ मध्ये 'सिनफोनिया दा रेक्वियम' पहिल्यांदा सादर केले. तेव्हा ब्रिटन सत्तावीस-अठ्ठावीसच्या आतला, युद्धविरोधी म्हणून मायदेशी टीका झेलणारा तरुण होता; आणि 'रेक्वियम' ही रचना जपानी सरकारने आपल्या उत्सवासाठी मागवून नंतर नाकारलेली. ३० मार्च १९४१ चं त्याचं प्रक्षेपण आजही ऐकता येतं. आपल्या देशाचा झेंडा मिरवायचा असता तर युद्ध ऐन भरात असताना कोणी असा रचनाकार निवडला असता का?

शिवाय या 'ब्रिटिश' संगीताची वंशावळ जरा तपासा. एल्गारची 'एनिग्मा' १८९९ मध्ये पहिल्यांदा वाजवली ती हंगेरीत जन्मलेल्या हान्स रिष्टर यांनी. पहिली सिंफनी ३ डिसेंबर १९०८ रोजी मँचेस्टरला पहिल्यांदा वाजवली तीही रिष्टर यांनीच, याच हाले ऑर्केस्ट्राबरोबर, आणि ती अर्पण केलेलीही त्यांनाच आहे. हाले हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते चार्ल्स हाले जर्मनीतून आलेले. १९४३ मध्ये अमेरिका सोडून बार्बिरोली युद्धकाळात समुद्र ओलांडून मँचेस्टरला परतले तेव्हा या ऑर्केस्ट्रात जेमतेम तीसेक वादक उरले होते. शाळकरी वयाची पोरं, हौशी वादक, मिळेल त्याला पारखून त्यांनी महिन्याभरात नवा वाद्यवृंद उभा केला आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात ब्रॅडफर्डला पहिला कार्यक्रम केला. पुढची सत्तावीस वर्षं ते तिथेच राहिले. आणि १९५० च्या दशकात याच वाद्यवृंदाच्या व्हायोलिनांत सहाय्यक कॉन्सर्टमास्टर म्हणून बसत होते मेहली मेहता, ज्यांनी १९३५ मध्ये मुंबईत बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता. झुबिन मेहतांचे वडील. मुंबईचा एक पारशी एका इटालियन-फ्रेंच लंडनकराच्या बॅटनखाली, जर्मनाच्या नावाच्या ऑर्केस्ट्रात एल्गार आणि व्हॉन विल्यम्स वाजवत होता. यात प्रांत कुठला शोधायचा?

आणि ज्याची निष्ठा आंधळी असते तो बाहेर बघत नाही. बार्बिरोलींनी ऑस्ट्रियन रचनाकार माहलरच्या एकेका सिंफनीवर तालमींचे कित्येक तास घातले, आणि त्यांनी वाजवून घेतलेली माहलरची नववी इतकी पटली की बर्लिन फिलहार्मोनिकने १९६४ मध्ये ती त्यांच्याबरोबर ध्वनिमुद्रित केली. ज्या कानांनी माहलर ऐकला त्याच कानांनी ते एल्गारकडे परत येत होते. आपल्याकडे एखादा गवई बाकीच्या घराण्यांचं सगळं पचवूनही आपल्या गुरूची एक चीज वर्षानुवर्षं मांडत राहतो, तेव्हा त्याला आपण कूपमंडूक म्हणत नाही.

म्हणून फितींचा प्रश्न मला एवढा महत्त्वाचा वाटतो. बीबीसीने दशकानुदशकं जे प्रक्षेपित केलं त्यातलं फार थोडं जपलं. जागा आणि फीत वाचवण्यासाठी बरंच पुसलं गेलं. जे वाचलं त्यातलं पुष्कळसं वाचवलं ते घरी रेडिओसमोर यंत्र लावून बसणाऱ्या श्रोत्यांनी. लिरिटा ही ब्रिटिश संगीताला वाहिलेली ध्वनिमुद्रण कंपनी काढणारे रिचर्ड इटर यांनी १९५० च्या दशकापासून बकिंगहॅमशरमधल्या आपल्या घरी अशी प्रक्षेपणं टिपून ठेवली, आणि पुढे बीबीसीशी करार होऊन ती रीतसर बाहेर येऊ लागली. एका माणसाने पदरमोड करून केलेलं हे काम ज्या संस्थेच्या तिजोरीत लोकांचा पैसा येतो तिने का करू नये? खर्च होईल, हक्कांचे गुंते सुटायला वेळ लागेल, ऐकणारे थोडे असतील. वाचनालयातल्या बहुतेक पुस्तकांनाही वाचणारे थोडेच असतात. ती आपण जाळत नाही. आकाशवाणीच्या केंद्रांत पडून असलेल्या फितींबद्दल मी हेच म्हणेन, आणि तिथे तर वेळ आणखी कमी आहे, कारण दमट हवेत चुंबकीय फीत फार वर्षं टिकत नाही.

पुढच्या बैठकीला काय लावायचं ते ठरवायची पाळी माझी आहे. मी म्यूनिकची सहावी निवडली आहे. सुरू करण्यापूर्वी तारीख सांगणार नाही, गाव सांगणार नाही, वादक कुठले तेही नाही. शेवटचा भाग सुरू होईल तेव्हा पंखा बंद करायला सांगेन, कारण नाहीतर त्या मंद स्वरांतलं अर्धं ऐकूच येणार नाही.